फॅन्टसी प्रीमियर लीग २०२४-२५: खेळाडूंचा हिशोब चोख, क्लबचा सीझन मात्र ह्यात मावत नाही

सीझन संपला. २५ मे २०२५ ला प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगच्या, शेवटच्या दहाच्या दहा मॅच एकाच वेळी झाल्या, टेबलवर शिक्का बसला आणि आता जो तो आपल्या क्लबने काय कमावलं काय घालवलं ते मांडत बसलाय. मी ह्या वेळी फॅन्टसी प्रीमियर लीग ह्या अ‍ॅपवरच्या गेमचा रिव्ह्यू लिहितोय, कारण ऑगस्टपासून मॅच बघण्यात जेवढा वेळ जातो जवळपास तेवढाच ह्या अ‍ॅपमध्ये जातो, आणि आपला क्लब कसा खेळला हे मतसुद्धा हळूहळू ह्या आकड्यांवरूनच बनायला लागतं. मी टॉटनम क्लबवाला. लीगमध्ये १७ वा नंबर आणि स्पेनमधल्या बिलबाओमध्ये युरोपा लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या दुसऱ्या नंबरच्या स्पर्धेची, ट्रॉफी, दोन्ही एकाच सीझनमध्ये, एकाच आठवड्यात. खालचं सगळं ह्या नजरेतून लिहिलंय हे धरून वाचा.

नवीन लोकांसाठी पटकन. गेम लीगचा अधिकृत आहे, फुकट आहे, एक कोटीच्या वर लोक खेळतात. गेममधले १०० मिलियन मिळतात, त्यात १५ खेळाडू बसवायचे, एका क्लबचे जास्तीत जास्त तीन, दर आठवड्याला ११ उतरवायचे, ते खऱ्या मॅचमध्ये जसे खेळतील तसे पॉइंट, कॅप्टनचे डबल. आठवड्याला एक ट्रान्सफर, म्हणजे एक खेळाडू बदलणं, फुकट, त्यापुढे प्रत्येक ट्रान्सफरला ४ पॉइंट कापतात. डेडलाइन पहिल्या मॅचच्या ९० मिनिटं आधी. २०२४-२५ च्या सीझनपासून न वापरलेल्या ट्रान्सफर पाचपर्यंत साठवता येतात, आधी दोनच ठेवता यायच्या. हा बदल मला मनापासून आवडला, कारण आधी ट्रान्सफर वाया जाऊ नये म्हणून उगाच कुणाला तरी काढा कुणाला तरी घ्या असं चालायचं, आता शांत बसता येतं आणि एकदम दुखापती झाल्या की चार-पाच जण एका झटक्यात बदलता येतात.

ह्या गेमची सगळ्यात मोठी कमाई म्हणजे तो तुम्हाला दुसऱ्यांच्या क्लबकडे नीट बघायला लावतो. तीनची मर्यादा असल्यामुळे फक्त मोठ्या क्लबांवर टीम उभी राहूच शकत नाही, कुठे ना कुठे स्वस्तातला चांगला माणूस शोधावाच लागतो, आणि एकदा तो टीममध्ये आला की त्याची मॅच बघणं आलंच. ह्या सीझनला माझ्यासाठी तो माणूस म्हणजे नॉटिंगहॅम फॉरेस्टचा क्रिस वुड. ६ मिलियनला सुरुवात, २० गोल. फॉरेस्टची मॅच मी एरवी ठरवून कधी लावली नसती, पण वुडमुळे बघायला लागलो आणि मग समजलं की हा क्लब काय करतोय, चेंडू समोरच्याला देऊन टाकायचा, मागे मिलेन्कोविच आणि मुरिलो भिंतीसारखे उभे, आणि चेंडू मिळाला की दोन-तीन पासमध्ये समोरच्या बॉक्समध्ये. जानेवारीच्या शेवटी बोर्नमथकडून ५-० ने मार खाल्ला आणि पुढच्याच मॅचला ब्रायटनला ७-० ने हरवलं, वुडची हॅटट्रिक. आदल्या सीझनला १७ वा असलेला क्लब चॅम्पियन्स लीगच्या, युरोपातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या, दारात उभा होता, शेवटच्या दिवशी चेल्सीकडून घरच्या मैदानावर ०-१ ने हरला आणि सातवा आला. आमच्या मिनी लीगमध्ये, म्हणजे गेममधल्या आमच्या ओळखीच्या लोकांच्या गटात, एक फॉरेस्टवाला आहे, त्याला त्या दिवशी काय बोलावं तेच कळेना, १९९५-९६ नंतर पहिल्यांदा युरोपातल्या स्पर्धेत जागा मिळाली म्हणून आनंद करायचा की एवढ्या जवळ येऊन हुकलं म्हणून रडायचं. मला त्याचं दुःख समजलं ते वुडमुळे, नाहीतर मी टेबलवर एक ओळ वाचून पुढे गेलो असतो. असंच ब्रेंटफर्डच्या एम्बुएमोचं, त्याचेही २० गोल, आणि ब्रेंटफर्ड दहावा येऊनसुद्धा लोकांना नीट माहिती झाला तो बराचसा ह्या गेममुळे.

आता लिव्हरपूलचा सलाह. २९ गोल, १८ असिस्ट, आणि फॅन्टसीत ३४४ पॉइंट, गेमच्या इतिहासात एका सीझनमधले सगळ्यात जास्त, आधीचा ३०३ चा विक्रमसुद्धा त्याचाच. तो गेममध्ये मिडफिल्डर धरला होता त्यामुळे गोलला स्ट्रायकरच्या ४ ऐवजी ५ पॉइंट आणि क्लीन शीटचा, म्हणजे टीमने एकही गोल न खाल्ल्याचा, एक वरून. लिव्हरपूलवाल्यांचं मी मनापासून अभिनंदन करतो, मॅनेजर क्लॉप गेल्यावर पहिल्याच वर्षी नव्या मॅनेजर स्लॉटने चार मॅच बाकी ठेवून २० वं टायटल आणलं, तेही उन्हाळ्यात आलेल्यांपैकी त्या सीझनला एकटा किएझा टीममध्ये असताना, आणि तोही लीगमध्ये फारसा खेळलाच नाही. पण गेम म्हणून बघितलं तर एवढा वरचढ माणूस आला की मजा आटते. दर आठवड्याला सगळ्यांचा कॅप्टन तोच, मग कॅप्टन निवडायला तासभर विचार करण्यात अर्थ उरत नाही, आणि ज्याच्याकडे सलाह नाही तो बघता बघता मागे पडतो. ह्यात गेम बनवणाऱ्यांचा दोष थोडाच आहे, पण किंमत अजून बरीच वर चढायला हवी होती असं मला वाटतं.

आणि इथेच आमच्यासारख्यांची पंचाईत. डिसेंबरमध्ये लिव्हरपूल आमच्याकडे आले आणि ६-३ ने मारून गेले, सलाहचे दोन गोल दोन असिस्ट. एप्रिलमध्ये त्यांनी टायटल पक्कं केलं तेही आम्हालाच ५-१ ने हरवून, तिथेही सलाहचा गोल. आपल्या जाळ्यात गोल जातो आणि फोनवर आपलेच पॉइंट वाढतात, हे ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल की तो आनंद नसतो, आणि नुसतं दुःख होण्याची मोकळीकसुद्धा तो तुम्हाला देत नाही. माझं स्पष्ट मत आहे, आपल्या क्लबविरुद्ध खेळणाऱ्याला कॅप्टन करू नये. पॉइंट जाऊ देत. क्लब आधी.

आता मुख्य तक्रार. ह्या गेममध्ये जिंकण्याला किंमत नाही. म्हणजे खेळाडूला गोलचे मिळतात, असिस्टचे मिळतात, क्लीन शीटचे मिळतात, पण मॅच जिंकल्याचा एकही पॉइंट नाही. आर्सेनलवाल्यांना विचारा. लीगमध्ये सगळ्यात कमी गोल त्यांनी खाल्ले, ३४, त्यांचा गोलकीपर रायाने १३ क्लीन शीट ठेवून फॉरेस्टच्या सेल्सबरोबर गोल्डन ग्लव्ह, सगळ्यात जास्त क्लीन शीटचं बक्षीस, वाटून घेतलं, फॅन्टसीत त्यांचे डिफेंडर सोन्याच्या भावाचे. आणि टेबलवर? १४ ड्रॉ. ७४ पॉइंट, लिव्हरपूलचे ८४, सलग तिसऱ्यांदा दुसरा नंबर. हावर्ट्झ जखमी, जेझुस जखमी, साका कित्येक आठवडे बाहेर, मेरिनोला स्ट्रायकर म्हणून खेळवायची वेळ आली, त्यातून त्यांनी रियाल माद्रिदला दोन्ही मॅच हरवल्या, राइसच्या त्या दोन फ्री किक जन्मात विसरणार नाही. आर्सेनलच्या सीझनची खरी गोष्ट ही आहे, थकलेली टीम, जिंकता जिंकता ड्रॉ होणाऱ्या मॅच, आणि युरोपात दिसलेली ताकद. फॅन्टसीच्या पानावर मात्र फक्त हिरवे आकडे.

माझ्या क्लबचं गेमने बरोबर निदान केलं हेही मान्य करतो. आमचे पुढचे खेळाडू घेतले तर पॉइंट देणार, मागचे घेतले तर बुडवणार, हे गेमने ऑक्टोबरलाच सांगितलं होतं, आणि शेवटी टेबल काय म्हणतं, ६४ गोल केले, ६५ खाल्ले, २२ मॅच हरलो. ६४ गोल करून १७ वा! नोव्हेंबरमध्ये मँचेस्टर सिटीला त्यांच्या मैदानावर ४-० ने हरवलं, मॅडिसनचे दोन, आणि दोन आठवड्यांत चेल्सीविरुद्ध २-० ने पुढे असताना ४-३ ने हरलो. कारण आकड्यांत दिसत नाही. सिटीच्या त्याच मॅचमध्ये आमचा गोलकीपर विकारिओचा घोटा मोडला, रोमेरो आणि व्हान डे व्हेन हे आमचे सेंटर बॅक कित्येक आठवडे नव्हते, आर्ची ग्रे हा १८ वर्षांचा मिडफिल्डर पोरगा सेंटर बॅक म्हणून उभा राहिला आणि जीव तोडून खेळला. त्या महिन्यांत त्याच्या फॅन्टसी पॉइंटकडे बघून कुणी त्याला नालायक म्हटलं असेल तर त्याने त्या मॅच बघितल्याच नाहीत.

आणि मग २१ मे. बिलबाओ. समोर मँचेस्टर युनायटेड, तेही लीगमध्ये शेवटी १५ वे आलेले, ४२ पॉइंट, प्रीमियर लीग सुरू झाल्यापासूनचा त्यांचा सगळ्यात वाईट सीझन, म्हणजे दोन्हीकडच्या लोकांचं अख्खं वर्ष त्या एका रात्रीवर आलेलं. ४२ व्या मिनिटाला सारचा क्रॉस, युनायटेडच्या शॉच्या अंगाला लागून उडालेला चेंडू आणि ब्रेनन जॉन्सनने कसाबसा ढकलला. मग सगळा वेळ आपल्याच बॉक्समध्ये. ६८ व्या मिनिटाला विकारिओ बाहेर आला, चेंडू हातात आला नाही, युनायटेडच्या होइलंडचं हेडर रिकाम्या गोलकडे निघालं आणि व्हान डे व्हेनने हवेत आडवं होऊन रेषेवरून पायाने बाहेर काढलं. मी ते अजूनही रोज बघतो. २००८ नंतरची पहिली ट्रॉफी, युरोपात १९८४ नंतरची पहिली, आमचा कॅप्टन सॉनच्या हातात कप. कुलुसेव्स्की नाही, मॅडिसन नाही, बर्गव्हाल नाही आणि तरी जिंकलो. फॅन्टसीत ह्याचे पॉइंट शून्य, कारण गेम फक्त लीगचा. चार दिवसांनी ब्रायटनने आम्हाला घरी ४-१ ने हरवलं, ते मात्र सगळं नोंदवलं गेलं.

न्यूकॅसलवाल्यांचं तर अजून विचित्र. १६ मार्चला वेम्ब्लीवर लिव्हरपूलला २-१ ने हरवून लीग कप जिंकला, डॅन बर्नचं ते हेडर, स्वतः लहानपणापासून न्यूकॅसलचा फॅन असलेला माणूस, आणि दुसरा गोल इसाकचा. देशातली मोठी ट्रॉफी तब्बल ७० वर्षांनी. त्या आठवड्यात फायनलमुळे त्यांची लीगची मॅचच नव्हती, त्यामुळे फॅन्टसीत इसाकच्या नावापुढे रिकामी जागा, आणि कित्येक लोकांनी तर त्या आठवड्यासाठी त्याला बेंचवर बसवलेलं. क्रिस्टल पॅलेसचंही तेच, एझेचा गोल, हेंडरसनने पेनल्टी अडवली, सिटीला १-० ने हरवून एफए कप, क्लबच्या इतिहासातली पहिली मोठी ट्रॉफी. लीगमध्ये बारावे. त्या बाराव्या नंबरावरून कुणाला काय कळणार?

ह्या सीझनला असिस्टंट मॅनेजर नावाची नवीन चिप, म्हणजे ठरावीक वेळाच वापरता येणारी सवलत, आणली होती, तीन आठवडे एक मॅनेजर घ्यायचा, त्याची टीम जिंकली तर पॉइंट, ड्रॉला पॉइंट, आणि टेबलमध्ये पाच किंवा जास्त जागा वर असलेल्याला हरवलं तर वरून १०. क्लब म्हणून काहीतरी मोजायचा हा एकमेव प्रयत्न होता म्हणून मला त्यातून फार आशा होती. पण प्रत्यक्षात कुणाच्या मॅच एका आठवड्यात दोन आहेत एवढंच बघून लोकांनी मॅनेजर उचलले, आणि एका चांगल्या निकालाने मिनी लीग उलटीपालटी झाली. कल्पना चांगली, मांडणी कच्ची. त्यापेक्षा जिंकणाऱ्या अकराला प्रत्येकी एक पॉइंट द्या, साधं आणि सरळ.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. अ‍ॅप वापरायला सोपं, नियम पटकन समजतात, पैसे लागत नाहीत आणि वेगवेगळ्या क्लबांचे लोक एका मिनी लीगमध्ये आले तर ह्याच्यासारखी मजा नाही. सगळे एकाच क्लबचे असाल तर तेवढा रंगत नाही. नवीन असाल तर उन्हाळ्यात गेम उघडला की लगेच टीम लावा पण त्यात जीव अडकवू नका, पहिल्या चार-पाच मॅचमध्ये कोण खरंच खेळतंय ते बघा आणि मग वाइल्डकार्ड टाका, म्हणजे पॉइंट न कापता हवे तेवढे खेळाडू बदलता येतात. आपल्या क्लबचा एक तरी खेळाडू घ्या, गोलकीपर असला तरी चालेल. आणि ज्या रात्री आपल्या क्लबची कपची मॅच असेल त्या रात्री हे अ‍ॅप उघडायचं काही काम नाही.