८ फुटांवरची टाकी, ५५ मोसंबी: नऊ महिने वापरल्यावर

जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात आमची अर्धा एकर मोसंबी आहे, पाचव्या वर्षातली. २०१२-१३ च्या दुष्काळात वडिलांनी लावलेली बाग वाळली आणि सरपणात गेली. ते डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे या बागेचं पाणी मी लेकरासारखं जपतो.

आमच्या विहिरीचं दुखणं असं, की मार्चनंतर मोटर अर्धा तास चालली की फुटवाल (पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तळाची झडप) उघडा पडतो. त्यात वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. पंपावरचं ठिबक अशा पाण्यावर चालत नाही. म्हणून ऑक्टोबरात ८ फुटांचा दगडी ओटा बांधला, त्यावर हजार लिटरच्या दोन जुन्या काळ्या टाक्या ठेवल्या. मोटर जमेल तशी टाकी भरते, सकाळी नुसता कॉक उघडायचा, पाणी उंचीच्या दाबाने आपोआप ठिबकच्या नळ्यांतून झाडांना जातं. रात्री विंचूकाट्यातून बारे देत फिरणं बंद झालं. गडी, टाक्या, नळ्या, फिल्टर मिळून साधारण १२ हजार गेले.

पहिली चूक ड्रिपरची. दुकानदाराने तासाला ४ लिटर सोडणारे ड्रिपर (नळीवरची थेंब सोडणारी तोटी) दिले. ते चालतात एक किलो दाबावर, आणि त्यासाठी पाणी १० मीटर उंच हवं. ८ फुटांवरून जेमतेम पाव किलो मिळतो. तासभर डबे लावून मोजलं तर पहिल्या झाडाखाली २ लिटर, शेवटच्याखाली सव्वा. ड्रिपर काढून मायक्रोट्यूब, म्हणजे बारीक नळ्या, बसवल्या, टाकीजवळच्या झाडांना लांब, टोकाच्यांना आखूड. कात्री घेऊन दोन दिवस बसलो, पण पाणी जवळपास सारखं झालं. ही पद्धत घेणाऱ्याने मोजल्याशिवाय एकही नळी पक्की करू नये.

मोसंबीवाल्यांनो, नळी खोडाला चिकटवू नका. बुंधा ओला राहिला की डिंक्या, म्हणजे सालीतून डिंक गळण्याचा रोग, धरतो. माझ्या दोन झाडांना धरला. साल खरवडून बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावली आणि नळ्या फांद्यांच्या घेराखाली सरकवल्या, तेव्हा थांबला. अन्न घेणारी मुळंही तिथेच असतात.

पाणी क्षारांचं आहे, नळीच्या तोंडाला पांढरी पुटं धरतात. दर आठवड्याला फिल्टरची जाळी धुतो, लॅटरलची (झाडांच्या ओळीतल्या नळीची) टोकं सोडून गाळ काढतो. एप्रिलात खारींनी सात ठिकाणी नळी कुरतडली. बांधावर पाण्याचं कुंडं ठेवल्यावर ते कमी झालं, बंद नाही.

एप्रिल-मेमध्ये रोज दोन टाक्या, म्हणजे झाडाला साधारण ३६ लिटर पडले. एवढ्यावर भागलं ते सोयाबीनच्या भुसकटामुळे. आळ्यात वीतभर थर दिला, बुंध्यापाशी हातभर जागा मोकळी ठेवली. तीन झाडांना भुसकट पुरलं नाही, त्यांची पानं दुपारी गळपटायची. भुसकटात वाळवी मात्र बघावी लागते.

जानेवारीत ताण देणं, म्हणजे फुलं यावीत म्हणून पाणी तोडणंही सोपं गेलं, कॉक बंद केला की झालं. पहिलाच आंबे बहार (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा), फळ माफक ठेवलंय. टोकाच्या ओळीतली चार झाडं अजून मागे आहेत. तिथे एक-एक नळी वाढवून पुन्हा डबे लावणार आहे.