‘ट्रेनी ट्री सर्जन, यूके’ : माझे 5 लाख 82 हजार असे गेले

आधी आकडे लिहितो. ‘बरेच पैसे गेले’ म्हटलं की लोक ‘अरेरे’ म्हणतात आणि विषय बदलतात. नोंदणी 25,000. ‘इंटरनॅशनल आर्बोरिस्ट कोर्स’ (आर्बोरिस्ट किंवा ट्री सर्जन म्हणजे दोरावर लटकून झाडं छाटणारा माणूस) 1,15,000. ‘स्पॉन्सरशिप प्रोसेसिंग’ 3,80,000. टीबी टेस्ट, आयईएल्ट्स आणि ‘फाइल चार्जेस’ मिळून 62,000, आणि हे सगळे रोख, पावती नाही. बेरीज 5,82,000 रुपये. सोडलेली नोकरी यात धरलेली नाही. बायकोच्या पाटल्या ठेवून काढलेल्या गोल्ड लोनचं व्याजही नाही.

परदेशात नोकरी लावतो म्हणून कसं गंडवतात हे तुम्हाला माहीत आहे, मलाही होतं. पण त्या बातम्या ड्रायव्हरच्या, वेल्डरच्या, केअरगिव्हरच्या असतात. झाडाच्या फांद्या उतरवायच्या नोकरीवरून कोणी टोपी घालेल हे कोणाच्या डोक्यात येणार? ‘एवढा शिकलेला माणूस कसा फसला’ असं विचारणाऱ्या नातेवाइकांना मी आता एवढंच सांगतो, की तुम्हाला अजून तुमच्या आवडीची जाहिरात दिसलेली नाही.

माझी आवड म्हणजे दोर. वय 37, पुण्यात एका फायनान्स कंपनीच्या वसुली विभागात टीम लीडर होतो. आठवडाभर लोकांना हप्त्यासाठी फोन करायचे आणि शनिवार-रविवार सह्याद्रीत कुठल्या तरी सुळक्याला लटकायचं. अशा माणसाला मार्च 2025 मध्ये मोबाइलवर जाहिरात दिसली : ‘करिअर बदला. दोर, हार्नेस, उंची. ट्रेनी ट्री सर्जन, यूके. अनुभवाची गरज नाही.’ मी रात्री एक वाजेपर्यंत व्हिडिओ बघत बसलो.

जाहिरात देणाऱ्या त्या एजंटचं कसब हे की त्याने सांगितलेलं निम्मं खरं होतं. इंग्लंडमध्ये अ‍ॅश नावाचं झाड एका बुरशीने मरतंय, 2012 मध्ये तिथे हा रोग पहिल्यांदा आढळला, रस्त्याकडेची वाळलेली झाडं उतरवायला चढणारी माणसं लागतात. हे सगळं मी पडताळलं, आणि ते खरं निघालं. मग वाटलं बाकीचंही खरंच असणार. मी वसुलीत काम केलेला माणूस, कर्जदाराचा पत्ता दोनदा तपासायचो. इथे तपासलं काय, तर झाडाचा रोग. एजंटचा परवाना नाही.

तो परवाना तपासायला पैसे लागत नाहीत. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी असलेल्या रिक्रूटिंग एजंटांची यादी आहे, आणि अशा एजंटला उमेदवाराकडून 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. आमच्यावाल्याने ‘आम्ही एजंट नाही, ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहोत’ असं पावतीवर छापूनच ठेवलं होतं. कोणी असं आपणहून म्हणाला, की तिथूनच उठा.

एप्रिलमध्ये शहराबाहेरच्या एका प्लॉटवर तीन आठवड्यांचा कोर्स झाला. आता जे लिहितोय ते लिहिताना अजून डोकं सणकतं.

पहिल्याच दिवशी हार्नेस हातात दिला, तो रॉक क्लाइंबिंगचा होता. मी तसले हार्नेस वर्षानुवर्षं घातलेत, डोळे मिटून ओळखेन. झाडावर तासन्तास बसून काम करायचा हार्नेस वेगळा असतो. त्याला बसायला रुंद पट्टा, कमरेला दोन्ही बाजूंना कड्या आणि पुढे दोर सरकायला ब्रिज असतो. मी विचारलंसुद्धा, ‘सर, हा तर डोंगरावरचा आहे.’ सर हसून म्हणाले, ‘तिकडे गेल्यावर कंपनी देते हो, इथे फक्त भीती घालवायची.’ बाकीचे हसले. मीही हसलो. त्या वेळी फक्त 1,40,000 गेले होते. तिथेच हार्नेस सोडून घरी आलो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण सगळ्या बॅचसमोर शहाणपणा कोण दाखवणार? शिवाय दोराची माहिती असलेला मी एकटाच. मला वाटलं, मलाच जास्त कळतंय म्हणून शंका येतेय.

चेनसॉ, म्हणजे यांत्रिक साखळी-करवत, एक, शिकणारे अकरा. पायात कापाला अडवणारी चेनसॉ ट्राउझर असते, ती कोणालाच नव्हती. माझ्या अंगात ट्रेकची पँट. शेवटच्या दिवशी प्रत्येकाला एका सुबाभळीवर दहा फूट वर बांधलं, हातात बंद चेनसॉ दिली आणि फोटो काढले. झाडावर चेनसॉ चालवताना माणूस दोन ठिकाणी अडकवलेला असावा लागतो, एक दोर चुकून कापला तर दुसरा राहावा म्हणून. आम्ही एकाच दोरावर. त्या सुबाभळीची फांदीन्‌फांदी आधीच्या बॅचने छाटून नेली होती, कोणाची परवानगी घेऊन ते देव जाणे.

आणि मग सर्टिफिकेट. त्यावर सीएस 30, 31, 38, 39 असे या कामाच्या पात्रतेचे चारही ब्रिटिश कोड. सीएस 39 म्हणजे दोरावर लटकून चेनसॉ चालवणं. माझ्या हातातली चेनसॉ सुरूही झाली नव्हती! खाली ट्रेनर आणि परीक्षक म्हणून एकाच माणसाची सही. तिकडे शिकवणारा आणि परीक्षा घेणारा वेगळा असतो, हा त्या पात्रतेचा मूळ नियम आहे. तुमच्या सर्टिफिकेटवर दोन्हीकडे एकच सही दिसली तर तो कागद वडापाव बांधायलाही घेऊ नका.

मे महिन्यात ऑफर लेटर आलं. इंग्लंडमधली कंपनी खरी, पत्र मात्र फुकटच्या ईमेल पत्त्यावरून. आठवड्याला 40 तास, वर्षाला 22,000 पौंड. मी गुणाकार केला, 25 लाख रुपये. बायकोला दाखवलं, सासऱ्यांना दाखवलं. भागाकार मात्र केला नाही. 22,000 भागिले 2,080 तास म्हणजे तासाला साडेदहा पौंड, आणि तिथलं कायदेशीर किमान वेतन तेव्हा, एप्रिल 2025 पासून, 12.21 पौंड होतं. म्हणजे ते पत्र त्यांच्याच देशात बेकायदा होतं. स्किल्ड वर्कर व्हिसासाठी तर 4 एप्रिल 2024 पासून सर्वसाधारण किमान पगार 38,700 पौंड होता. सवलती धरल्या तरी 22,000 कुठेच बसत नाही.

पुढे ते 3,80,000. ‘सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप’ म्हणून मला सोनेरी शिक्क्याचा जाड कागद दिला. हा कागद नसतोच! कंपनी तुम्हाला नोकरीवर घेतेय याची, व्हिसासाठी लागणारी, ती ब्रिटिश सरकारच्या संगणकातली नोंद असते आणि उमेदवाराला फक्त तिचा क्रमांक मिळतो. त्याचं शुल्क तेव्हा 525 पौंड होतं, म्हणजे साधारण 60 हजार रुपये, आणि ते कंपनीने भरायचं असतं; उमेदवाराकडून वसूल करायला बंदी आहे. स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशातून माणसं घ्यायचा परवाना, असलेल्या सगळ्या कंपन्यांची यादी ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटवर कोणालाही उघडता येते. मी ती ऑगस्टमध्ये उघडली. कंपनीचं नाव नव्हतं. कंपनीला ईमेल केला, दुसऱ्या दिवशी उत्तर आलं : आम्ही परदेशातून माणसं घेतच नाही, पत्र खोटं आहे. एका ईमेलचं काम होतं.

पैसे मागितले ते इन्स्टिट्यूटच्या खात्यात नाही, कुठल्याशा ट्रेडिंग फर्मच्या चालू खात्यात. ‘जीएसटीचं जरा आहे हो.’ हे वाक्य पुण्यात रोज कुठे ना कुठे ऐकू येतं, म्हणून खटकलं नाही. तुम्हाला खटकू दे.

जूनमध्ये मी राजीनामा दिला. 22 जुलैला तिकडचे नियम आणखी कडक झाले, नोकरी पदवीच्या दर्जाची हवी आणि पगार 41,700 पौंड. ही बातमी त्यानेच मला पाठवली आणि खाली लिहिलं, ‘जुन्या नियमात बसवायचं तर 90,000 अर्जंट.’ ते मात्र मी दिले नाहीत. आठवडाभरात फोन बंद, ऑफिसला कुलूप, शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, ‘तुम्ही आज चौथे.’

इथपर्यंतचा राग त्या चोरावर. पुढचा वेगळा आहे.

पोलीस ठाण्यात गेलो. पहिला प्रश्न, ‘पैसे तुम्ही स्वतः दिले ना? मग हा व्यवहार झाला.’ दुसरा प्रश्न, ‘ट्री सर्जन म्हणजे काय?’ समजावून सांगितलं, तर टेबलाभोवतीचे सगळे हसले. ‘झाडं तोडायला लंडन?’ मग हद्द. मी राहतो एकीकडे, त्याचं ऑफिस दुसरीकडे, तो प्लॉट तिसरीकडेच, ग्रामीणच्या हद्दीत. तिन्हीकडे फिरवलं. गणपती आले तेव्हा ‘बंदोबस्त संपल्यावर या’. बंदोबस्त संपला तर साहेब रजेवर. एका हवालदाराने कानात सांगितलं, ‘मिटवून घ्या, अर्धे तरी मिळतील.’ कोणाशी मिटवू? तो सापडत असता तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? अखेर साध्या कागदावर अर्ज घेतला, पोच म्हणून शिक्का मारला आणि एफआयआर नाही ते नाहीच.

बँकेत तीच कथा. ‘ट्रान्सफर तुम्हीच ऑथराइज केला आहे सर.’ ज्या खात्यात 3,80,000 गेले त्याची माहिती गोपनीय, म्हणजे चोराची गोपनीयता शाबूत. मी उशीर केला असं सगळ्यांनी मला ऐकवलं. ऑनलाइन पैसे गेल्याचं कळताच त्याच तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तरच रक्कम गोठवायची काही आशा असते, हे खरं. पण मला ते पैसे ‘गेले’ हे कळलंच दोन महिन्यांनी. तोवर मी सामानाची यादी करत होतो, थर्मल कुठून घ्यायचं वगैरे.

नंतर एका वकील मित्राने फुकटात जे सांगितलं ते पोलीस ठाण्यात कोणीच सांगितलं नव्हतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावीच लागते. नाकारली तर वरिष्ठ अधिकाऱ्याला लेखी, टपालाने पाठवायची. तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जायचं. फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेतलं 318(4). हे आकडे पाठ करून जा, बोलण्याचा सूर बदलतो. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करताना, तुम्ही समोरच्याला दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, 10 लाखांपर्यंत 200 रुपये. आणि रोख देऊ नका. माझ्या 62,000 चा कुठेच पुरावा नाही. तक्रारीत मला 5,20,000 च लिहावे लागले.

टपालाची पोच आली आहे, उत्तर नाही. मॅजिस्ट्रेटकडचा अर्ज तयार होतोय. अकरा जणांपैकी तिघेच सही करायला तयार आहेत. दोघांना घरी सांगायचं नाही, एक जण अजून म्हणतो की व्हिसा येईल, बाकीचे फोन उचलत नाहीत. एप्रिल 2025 च्या त्या बॅचमधलं किंवा आधीच्या-नंतरच्या कुठल्याही बॅचमधलं कोणी हे वाचत असेल तर सर्टिफिकेट फाडू नका, चॅट पुसू नका, त्या ट्रेडिंग फर्मच्या खात्याचा नंबर असलेलं बँक स्टेटमेंट काढून ठेवा आणि मला मेसेज करा. जाहिरात परवा पुन्हा दिसली. नाव बदललंय, फोटोतली सुबाभूळ तीच आहे, आणि नोंदणी आता 35,000 झालीये.