काळ्या मातीत एक पावसाळा: स्टीलच्या टूरिंग सायकलचा अनुभव

उन्हाळा सरता सरता ही सायकल घेतली आणि अख्खा पावसाळा इंदूरच्या दक्षिणेला, महू, जानापाव, सिमरोल, चोरलच्या बाजूला चालवली. स्टीलची फ्रेम, २९ इंची चाकं, ५३ मिलिमीटर रुंद टायर, मागे ९ गिअर, तारेवरचे डिस्क ब्रेक. डांबरावर ती जड वाटते. बायपासवर वेग काढायचा असेल तर दुसरी बघा.

माळव्याची माती मात्र आधी समजून घ्या. बसाल्ट झिजून झालेली ही काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला धरते. मुरमावर टायरची नक्षी कामाला येते. इथे ती थोड्याच अंतरात भरते आणि टायर गुळगुळीत होतो. म्हणून खरा प्रश्न टायर आणि फ्रेममधल्या फटीचा. या सायकलला पुढच्या फोर्कमध्ये टायरच्या दोन्ही बाजूंना अंगठा सहज जातो, आणि माझ्या मते हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे. आणखी रुंद टायर बसतील म्हणून बसवू नका. ती जागा चिखलासाठी मोकळी ठेवा. लांब मडगार्डही मी पावसाळ्यापुरते काढले, कारण त्यांच्या आत माती साचली की चाक फिरतच नाही. सीटखाली एक आखूड प्लास्टिकची पट्टी पुरते. पाठ भिजते, पण सायकल चालते.

चोरलच्या आतल्या गाडवाटेवर ऑगस्टमध्ये दिवसभर झड लागली होती, तेव्हा याची खरी परीक्षा झाली. सोबतच्या मित्राची अरुंद फटीची सायकल दर थोड्या अंतरावर काठीने कोरावी लागत होती. शेतातल्या एका बाबांनी लांबूनच हाक दिली, "बीच में मत चलो, घास पे चलो!" सल्ला सोन्यासारखा. कडेच्या गवताची मुळं माती धरून ठेवतात, त्यावरून चाक रुतत नाही. हवा मी पुढे २५, मागे २८ पीएसआयपर्यंत उतरवली होती. ट्यूबलेस असल्यामुळे दगडांवर भीती नव्हती. नाल्याला पाणी गुडघ्याच्या वर दिसलं तेव्हा आम्ही थांबलो. विंध्याच्या उतारावरचे नाले पटकन चढतात, तसे पाऊस थांबल्यावर पटकन उतरतातही. ओलांडताना सायकल प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरावी, म्हणजे पाण्याचा लोंढा तिला आपल्या अंगावर ढकलत नाही.

ब्रेकबद्दल स्पष्ट सांगतो. सोबत आलेले रेझिनचे पॅड जाम गेटच्या घाटात, पाऊस आणि वाळू मिळून, फार लवकर संपले. आता धातूमिश्रित पॅड आहेत. ओले असताना किंचाळतात, पण टिकतात. तारेचे ब्रेक असल्याने पॅड झिजतील तसे वाटेतच हाताने जवळ आणता येतात. आडगावात हे फार मोठं सुख आहे.

चेनला लावलेलं कोरड्या हवेचं मेणाचं वंगण पहिल्याच सरीत धुऊन जातं. पावसाळी घट्ट तेल घाला, पण घरी आल्यावर आधी चेन धुवा, पुसा, मगच तेल. नाहीतर त्याच तेलात वाळू मिसळून गिअरचे दात झिजवते. माझी चेन झिजून मोजपट्टीवर ०.७५ टक्के लांबलेली दिसली तशी बदलली, कॅसेट, म्हणजे मागच्या गिअरचक्रांचा संच, वाचली.

गंजाची धास्ती अनेकांना असते. दर मोठ्या पावसानंतर सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, काढून सायकल उलटी करतो, आतलं पाणी निथळू देतो, आणि पोस्टला ग्रीस लावून परत बसवतो. आत्तापर्यंत फक्त बाटलीच्या स्टँडच्या स्क्रूंवर तांबूस डाग आलेत. ते स्क्रू स्टेनलेसचे बसवून घेतले.