सेमिनारला कोणता विषाणू घ्यावा: फ्लू की कोरोना?

खानापूरहून बसने बेळगावला येणाऱ्या एका विद्यार्थिनीने परवा विचारलं, “सर, वीस मिनिटांत विषाणूचा एमआरएनए कसा तयार होतो ते सांगायचंय. फ्लू घेऊ की कोरोना?” मी म्हटलं, फ्लूच घे. (एमआरएनए म्हणजे प्रथिन बनवण्याचा मजकूर असलेली आरएनएची प्रत.)

कोरोना वाईट विषय नाही. त्याचा 29,903 अक्षरांचा धन-आरएनए, म्हणजे एमआरएनएसारखा थेट वाचता येणारा आरएनए, पेशीत शिरताच रायबोसोम (पेशीचं प्रथिनं बनवणारं यंत्र) वाचायला लागतो, सगळा कारभार पेशीद्रवात चालतो आणि एमआरएनएच्या सुरुवातीला असणारी, रायबोसोमला ओळख पटवणारी टोपी, म्हणजे कॅप, तो स्वतःच्या एन्झाइमांनी घडवतो. अडतं पुढे. छोटे एमआरएनए करण्यासाठी लागणारी ऋण (म्हणजे उलट, पूरक अक्षरांची) प्रत लिहिता लिहिता पॉलिमरेज, म्हणजे आरएनए लिहिणारं एन्झाइम, मधला मोठा भाग गाळून थेट दुसऱ्या टोकाच्या लीडरवर (जीनोमच्या सुरुवातीच्या छोट्या भागावर) उडी मारतं. ती उडी फळ्यावर पटवून देण्यातच निम्मा वेळ जातो.

फ्लूचा जीनोम ऋण-आरएनएचा, 8 तुकड्यांत. रायबोसोमला तो थेट वाचता येत नाही, म्हणून विषाणू पॉलिमरेज सोबतच आणतो आणि केंद्रकात जातो. टोपी मात्र त्याला घडवता येत नाही. ती तो चोरतो. त्याच्या पॉलिमरेजचे तीन भाग हे काम वाटून घेतात: पीबी2 आपल्या पेशीच्या ताज्या आरएनएची टोपी धरतं, पीए साधारण 10 ते 13 अक्षरांवर कापतं आणि त्या तुकड्यालाच पुढची अक्षरं जोडत पीबी1 एमआरएनए लिहून काढतं. दुसऱ्याच्या अर्जाचा शिक्का मारलेला कोपरा कापून आपल्या मजकुराला चिकटवावा, तसं. तहसीलदार कचेरीत हेलपाटे मारलेल्या घरातल्या मुलांना हे लगेच कळतं.

एमआरएनएच्या शेवटची शेपूट, म्हणजे ए अक्षरांची रांग, तर माझ्या विशेष आवडीची. साच्याचं, म्हणजे नक्कल होणाऱ्या विषाणूच्या आरएनएचं, 5' टोक (जे शेवटी वाचलं जातं) पॉलिमरेजनेच धरून ठेवलेलं असतं, त्यामुळे टोकाजवळच्या पाच-सात यू अक्षरांशी ते अडकतं, तीच पुन्हा पुन्हा वाचतं आणि ए-ए-ए लिहीत राहतं. तयार झाली पॉली-ए शेपूट! स्प्लायसिंग, म्हणजे आरएनएतला मधला भाग कापून उरलेले भाग जोडणं, दोन मिनिटांत उरका: जीनोमच्या एम तुकड्यातून एम1 आणि एम2, एनएस तुकड्यातून एनएस1 आणि एनईपी ही प्रथिनं, तेही पेशीचीच यंत्रणा वापरून.

पुराव्यातही फ्लूच सरस. डेथ कॅप या विषारी अळंबीतलं अल्फा-अमॅनिटिन पेशीचे स्वतःचे एमआरएनए लिहिणारं आरएनए पॉलिमरेज 2 बंद पाडतं. नवे टोपीवाले आरएनए आटले की फ्लूचीही वाढ थांबते. आमच्याकडे पावसाळ्यात अळंबीचा विषय घरोघरी निघतो, त्यामुळे हे उदाहरण ऐकताना वर्ग जागा होतो. शिवाय बॅलोक्सॅव्हिर हे औषध नेमकी पीएची कात्री अडवतं. ऑसेल्टामिव्हिर हे फ्लूचं दुसरं औषध मात्र तयार विषाणू पेशीतून सुटताना आड येतं. हा फरक सांगितलात की परीक्षकांच्या पुढच्या प्रश्नाची तयारीही झालीच.

तासभर मिळत असेल किंवा प्रोजेक्टच कोरोनावर असेल, तर खुशाल कोरोना घ्या. त्या उडीला तेवढा वेळ द्यायलाच हवा. फ्लू घेतलात तर चोरलेली टोपी आणि तिच्यामागची दहा-बारा अक्षरं लाल खडूने काढा, बाकी सगळं पांढऱ्याने.