सहा महिने पेड प्लॅन वापरला, गाडी अडली एका चौकटीत

काल सकाळी नोकरीच्या पोर्टलचा मेसेज आला: तुमच्या प्लॅनचं नूतनीकरण, २,४९९ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, खात्यातून आपोआप कापले जातील. कापायच्या किमान २४ तास आधी कळवायचा नियम आहे, म्हणून तरी कळवलं. एकूण २,९४८ रुपये ८२ पैसे. इनपुट क्रेडिटही (धंदेवाल्यांना भरलेल्या जीएसटीची मिळते ती वजावट) मिळायचं नाही. आधी मँडेट (आपोआप पैसे कापायची परवानगी) रद्द केला, चहा घेतला, आणि आता हे लिहायला बसले आहे.

थोडक्यात मी: चाकणच्या एका कंपनीत सीनियर अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह, आठ वर्षं. प्लांट दुसऱ्या राज्यात हलणार असं कळल्यावर फेब्रुवारीत या पोर्टलचा सहा महिन्यांचा प्लॅन घेतला. प्रोफाइल वर दिसणार, रिझ्युमे तज्ज्ञांकडून लिहून मिळणार, वगैरे. प्लॅनमध्ये काय काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे.

पहिल्या चार महिन्यांत फोन आले सहा. त्यातले दोन विम्याचे, आणि एक टेलिग्रामवरचा 'एचआर', ज्याला लॅपटॉपचं डिपॉझिट म्हणून १,५०० रुपये हवे होते. (नोकरी देणारा तुमच्याकडे पैसे मागत नाही. मागितले तर फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा.) कस्टमर केअरशी तीनदा भांडले. तिन्ही वेळा एकच उत्तर: "मॅडम, तुमचं प्रोफाइल ९२ टक्के पूर्ण आहे." उरलेले आठ टक्के काय, तर फोटो आणि छंद. मी छंदही भरले.

तोवर माझा रिव्ह्यू ठरलेला होता. एक तारा.

मग जूनमध्ये जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीने माझं नाव एका रिक्रूटरला दिलं. त्या रिक्रूटरने फोन केला आणि सहज बोलून गेली, "तुम्ही माझ्या सर्चमध्ये आलाच नाहीत हो. क्लायंटला महिन्याभरात जॉइन होणारं माणूस हवंय, मी तसाच फिल्टर लावला होता. तुमचं तीन महिने दिसतंय."

नोटीस पिरियड. प्रोफाइलच्या पार तळाशी, छंदांच्याही खाली, एक बोटभर चौकट. मी तिथे ३ महिने निवडलं होतं, कारण आमच्याकडे सगळे तीन महिनेच म्हणतात. स्टोअर्सचे काका म्हणतात, कँटीनवाला म्हणतो. त्या रात्री कपाटातून २०१७ चं अपॉइंटमेंट लेटर काढलं. कलम अकरा: मॅनेजर आणि वरच्यांना तीन महिने, बाकीच्यांना एक महिना किंवा त्या बदल्यात पगार. त्याच कागदावर माझी सही.

चार महिने मी कस्टमर केअरला शिव्या घालत होते, आणि कागद माझ्याच कपाटात होता. चौकट बदलली. पुढच्या दोन आठवड्यांत अकरा फोन.

तरीही पोर्टलला मी पूर्ण सोडत नाही. ज्या एका चौकटीवर अख्खी यादी गाळली जाते ती तळाशी का? छंद नाहीत म्हणून टोचणी देणारं यंत्र 'नोटीस पिरियड एकदा लेटरमध्ये तपासा' एवढं एक वाक्य दाखवू शकत नाही? यावर मी त्यांना दोन मेल केले. आभाराचं उत्तर आलं.

रिझ्युमे लेखनाबद्दल लिहावं तेवढं थोडं. माझं साधं एक पान होतं, त्याची त्यांनी दोन पानं केली. सुरुवातच 'डायनॅमिक अँड रिझल्ट ओरिएंटेड प्रोफेशनल' अशी. मी रोज काय करते ते कुठेच नाही. भरीला, जुनी कंपनी सोडल्याची तारीख त्यांनी जून २०१७ टाकली, पीएफच्या नोंदीत मे आहे. पुढे व्हेरिफिकेशनवाल्यांनी नेमकं तेच विचारलं. मीही न वाचता 'ओके' केलं होतं, हे आहेच.

मुलाखतींचं सांगते. पहिलीत 'नोकरी का सोडताय' वर मी दहा मिनिटं प्लांट, साहेब आणि बस या विषयांवर बोलले. समोरचे दोघे पेन मिटवून बसले. आता एकच वाक्य सांगते: प्लांट हलतोय, मला पुणे सोडता येत नाही.

दुसरीत प्राप्तिकर कायद्याचं कलम ४३बी(एच) विचारलं. मी कलम घडाघडा म्हणून दाखवलं: सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत, नाहीतर खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच धरता येतो. समोरचे सीए म्हणाले, "ते पुस्तकात आहे. मार्चमध्ये तुम्ही काय केलंत?" मी गप्प. प्रत्यक्षात मार्च २०२४ मध्ये मी तीन आठवडे सप्लायरांना फोन करून उद्यम सर्टिफिकेटं (सूक्ष्म-लघु उद्योग असल्याचा सरकारी दाखला) गोळा केली होती, कलमात न बसणारे नुसते व्यापारी वेगळे काढले होते, आणि कोणाचं बिल ३१ तारखेच्या आत सोडायचं त्याची यादी साहेबांच्या टेबलावर ठेवली होती. हे त्या खुर्चीत आठवलं नाही, घरी येताना भोसरीच्या पुलावर आठवलं. तिसऱ्या मुलाखतीत कोणी विचारायच्या आधीच सांगितलं. तिथेच काम झालं.

पण पगाराच्या आकड्यावर तिथेही घसरणारच होते. सध्या हातात ४२,००० येतात. अपेक्षा विचारली तर 'सहा लाख' म्हणायचं ठरवलं होतं. महिना पन्नास, बरं वाटतं ऐकायला. आदल्या रात्री सहज गणित मांडलं. बेसिक २५,००० धरलं तर कंपनीचा पीएफ ३,००० आणि ग्रॅच्युइटी १,२०२ त्या पन्नासातच. राहिले ४५,७९८. त्यातून माझा पीएफ ३,००० आणि प्रोफेशन टॅक्स २००. हातात ४२,५९८. म्हणजे नोकरी बदलून जेमतेम सहाशे रुपयांचा फायदा. दीडशे माणसांची पगारपत्रकं मी दर महिन्याला करते! दुसऱ्या दिवशी साडेसात सांगितले, सातवर तुटलं.

तारे तीन. दोन त्या अकरा फोनांचे. तिसरा आळसाने देतेय, कारण एका ताऱ्याचा रिव्ह्यू माझ्या नावावरही द्यावा लागेल.

राजीनामा दिला आहे, बावीस दिवस राहिलेत. चौकटीत 'नोटीस पिरियडवर' असाही पर्याय असतो. आज तो निवडून ठेवला, शेवटच्या दिवसाची तारीख टाकली, आणि छंद काढून टाकले. प्रोफाइल पुन्हा शंभर टक्क्यांच्या खाली आलं.