डब्ल्यूडी-४० आणि बाइकचा गंज: कुठे पास, कुठे नापास

या निळ्या-पिवळ्या डब्याबद्दल दोनच मतं कानावर येतात. एक, 'कसलाही गंज असो, मारा डब्ल्यूडी'. दुसरं, 'महागडं रॉकेल आहे नुसतं'. दोन्ही मतं चुकतात, कारण डब्याकडून भलत्याच कामाची अपेक्षा केलेली असते. खरं काम नावातच आहे: वॉटर डिस्प्लेसमेंट, म्हणजे पाणी हटवणं. ४० हा आकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा. १९५३ मध्ये सॅन दिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीने हे मिश्रण बनवलं आणि अ‍ॅटलास क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून ते वापरलं गेलं. चढलेला गंज खाणारं आम्ल यात नाही. उडून जाणारं पेट्रोलियमचं पातळ द्रावण, मागे राहणारं थोडं खनिज तेल आणि ते बाहेर ढकलणारा कार्बन डायऑक्साइड, एवढाच ऐवज.

पाणी हटवण्यात मात्र पैकीच्या पैकी. बाइक धुतली की पाणी नेमकं फडकं पोचत नाही तिथे बसतं: अ‍ॅलन बोल्टच्या डोक्यातला खड्डा, स्पोक जिथे रिममध्ये शिरतो ती जागा, साइड स्टँडची स्प्रिंग, फूटरेस्टची पिन. लाल नळी लावून प्रत्येक जागी अर्धा सेकंद फवारा पुरतो. दोन मिनिटांनी पुसून घ्यायचं. वायरिंगच्या ओल्या कनेक्टरलाही चालतं. पारदर्शक पॉलिकार्बोनेटवर मात्र उडू देऊ नका. हेल्मेटची काच सहसा त्याचीच असते.

क्रोमवरच्या गंजासाठीही हा डबा कामाचा, पण तिथे तो फक्त मदतनीस. घासावं हातानेच लागतं. क्रोम स्वतः तसा गंजत नाही. त्याच्या थराला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा आणि छिद्रं असतात, त्यातून ओल खालच्या लोखंडापर्यंत पोचते आणि गंज फुगून वर येतो. म्हणून ठिपका मोठा दिसला तरी खालचं छिद्र बहुधा टाचणीच्या टोकाएवढं असतं. आधी साबणाच्या पाण्याने धूळ काढा, नाहीतर तीच धूळ ओरखडे पाडते. मग फवारून दहा मिनिटं थांबा. अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा करून हलक्या हाताने घासा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्याने चकाकी जात नाही. थोड्याच वेळात तपकिरी-काळपट चिखल सुटू लागतो. तो पुसा, पुन्हा फवारा, पुन्हा घासा. स्टील वूल वापरायचंच तर चार शून्यांचं, सगळ्यात बारीक, आणि काम झाल्यावर त्याचा एकही तंतू मागे ठेवायचा नाही. तो तंतूच आठवड्यात गंजून नवा ठिपका उमटवतो, आणि बिल फाटतं डब्ल्यूडीच्या नावावर.

साफ झाल्यावर नख फिरवून पाहा. अडकलं नाही तर वॅक्सचा हात द्या, झालं. अडकलं तर खड्डा पडलाय. मडगार्डवर असेल तर दिसायला वाईट, एवढंच. पुढच्या फोर्कच्या (पुढच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या) नळीवर, तेल आत रोखणारं रबरी सील जिथे वरखाली सरकतं त्या पट्ट्यात असेल, तर दुर्लक्ष महागात जातं. खड्ड्याची धारदार कड प्रत्येक खड्डा-गतिरोधकाला सीलचं रबर कापते, तेल झिरपतं आणि ओघळत ब्रेककडे जातं. अगदी बारीक खड्ड्याची कड २००० नंबरच्या पॉलिश पेपरने, तेल लावून, नळीभोवती आडवं घासून मारता येते. उभं घासू नका. उभे ओरखडे म्हणजे तेलाला बाहेर यायला वाट. खोल खड्ड्यांना हार्ड क्रोम पुन्हा चढवणं किंवा नळी बदलणं, तिसरा मार्ग नाही.

ब्रेकच्या डिस्कच्या आसपास फवारताना डिस्क आणि कॅलिपर (ब्रेक पॅड धरणारा भाग) फडक्याने झाका. तेलाचा थेंब पॅडमध्ये मुरला तर ब्रेक लागत नाही. धुतल्यावर डिस्कवर येणारी नारिंगी झाक दोन-चार ब्रेकमध्ये आपोआप जाते, तिला काही लावायचं नाही.

चेनच्या बाबतीत जास्त घोळ घातला जातो. मळ आणि वरवरचा गंज सोडवायला ठीक. वंगण म्हणून नाही, कारण मागे उरणारं तेल इतकं पातळ की चाकाच्या वेगाने उडून जातं. साफ केल्यावर चेन कोरडी पुसा आणि ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल किंवा चेन ल्यूब रोलरच्या आतल्या बाजूने लावा. साइड प्लेटवरचा लाल रंग फारसा मनावर घेऊ नका. कड्यांच्या सांध्यातून लाल भुकटी बाहेर येत असेल आणि कडी वाकडीच्या वाकडी राहत असेल, तर आतलं ग्रीस संपलंय. कुठल्याही फवाऱ्याने ते परत येत नाही. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट (चेनची दातेरी चक्रं) एकत्र बदला.

आता नापास विषय. चासीवर, स्विंगआर्मखाली (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याखाली) रंगाचे पोपडे सुटले असतील तर इथे डब्ल्यूडी मारणं नुकसानीचं: तेलकट पत्र्यावर प्रायमर धरत नाही. सुटा गंज तारेच्या ब्रशने काढा, थिनरने पुसा, मग टॅनिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर दोन हात. ते गंजाशीच प्रक्रिया करून निळसर-काळा थर बनवतं, म्हणून उघड्या चकचकीत लोखंडावर त्याचा उपयोग नाही. लागेल तेवढं वाटीत काढून घ्या. ब्रश थेट बाटलीत बुडवला तर सगळी बाटली नासते. टाकीच्या आतल्या गंजालाही डब्ल्यूडी नको. त्यासाठी लिटरला ५० ते १०० ग्रॅम सायट्रिक आम्ल, कोमट पाणी, रात्रभर, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवून लगेच वाळवणं.

टिकण्यातही डबा कमीच पडतो. पावसात किंवा प्रेशर वॉशरखाली त्याचं अस्तर धुतलं जातं. बाइक दोन-तीन महिने उभी ठेवायची असेल तर वॅक्स किंवा लॅनोलिनचा (लोकरीपासून मिळणाऱ्या मेणाचा) जाड फवारा घ्या.

डबा उलटा धरून फवारू नका, आतला गॅस आधी निघून जातो आणि अर्धं द्रावण तळाशी अडकतं. गरम सायलेन्सरवर तर मुळीच नको; हे द्रावण पेट घेतं.