आर्टिकलशिप : मोठी फर्म की पेठेतली?

सीएच्या इंटर परीक्षेचा निकाल लागला की पंधरा दिवसांत मला आर्टिकलशिपबद्दल, म्हणजे सीए होण्याआधी फर्ममध्ये करायच्या उमेदवारीबद्दल, दोन-चार फोन येतातच. कुणी चुलतभावाचा मित्र असतो, कुणी शेजारच्या काकूंची भाची. प्रश्न ठरलेला असतो: "दादा, मुंबईच्या मोठ्या फर्मचं ऑफर लेटर आलंय आणि इथे पुण्यात बाबांच्या ओळखीचे एक सर घ्यायला तयार आहेत. काय करू?" मी दोन्हीकडे काम केलंय. आठ महिने मुंबईत, मग उरलेली दोन वर्षं चार महिने पुण्यात. तेव्हा आर्टिकलशिप तीन वर्षांची होती. त्यामुळे माझं मत अनुभवाचं आहे, पण माझ्या एकट्याच्या अनुभवाचं, हे धरून पुढचं वाचा.

मोठी फर्म म्हटलं की डोळ्यांसमोर बिग फोर, म्हणजे जगातल्या चार मोठ्या ऑडिट फर्म, येतात. भारतात त्यांचं ऑडिट वेगळ्या नावांनी चालतं: ईवायचं एस. आर. बाटलीबॉय, केपीएमजीचं बी एस आर, तसंच डेलॉइट हॅस्किन्स अँड सेल्स आणि प्राइस वॉटरहाऊस. डीडवर, म्हणजे आर्टिकलशिपच्या करारावर, अनोळखी नाव बघून घाबरू नका. मी होतो ती फर्म या चौघांपैकी नव्हती, त्यांच्या खालच्या फळीतली होती. पण माणसं काहीशे, क्लायंट लिस्टेड कंपन्या, कामाची पद्धत तीच.

आधी मोठ्या फर्मने मला काय दिलं ते सांगतो, कारण ते आजही पदरात आहे. पहिली गोष्ट म्हणजे वर्किंग पेपर, म्हणजे ऑडिटमध्ये काय तपासलं त्याची नोंद, लिहायची शिस्त. एसए २३० हे ऑडिटचं मानक सांगतं की त्या ऑडिटशी काही संबंध नसलेल्या अनुभवी ऑडिटरलाही कागद वाचून काय केलं, का केलं आणि निष्कर्ष काय निघाला हे कळलं पाहिजे. पुस्तकात हे एक वाक्य आहे. तिथे आमची सीनियर माझा कागद शेजारच्या टीममधल्या कुणालाही वाचायला द्यायची आणि त्याला काय कळलं ते मला ऐकवायची. महिनाभरात माझं लिहिणं बदललं. दुसरी गोष्ट इंड-एएस, म्हणजे कंपन्यांच्या हिशोबाची नवी मानकं. १ एप्रिल २०१७ पासून दुसऱ्या टप्प्यातल्या कंपन्या त्यात येत होत्या, आणि जुन्या आकड्यांचं नव्या पद्धतीत रूपांतर होताना मी जवळून पाहिलं. पुण्याच्या फर्ममध्ये इंड-एएसचा एकही क्लायंट नव्हता. सीए फायनल परीक्षेच्या फायनान्शियल रिपोर्टिंगच्या पेपरात ते भरपूर असतं, आणि उरलेलं सगळं मला केवळ पुस्तकावर करावं लागलं. हा तोटा खरा आहे, मी तो लपवणार नाही. स्टायपेंडही मुंबईत जवळपास चौपट होता. सीए इन्स्टिट्यूटने ठरवलेली किमान रक्कम शहराच्या लोकसंख्येवर आणि आर्टिकलशिपच्या वर्षावर अवलंबून असते. छोट्या फर्म बहुधा त्या किमानाच्या आसपासच देतात.

मग सोडलं का? कंटाळा हे कारण नव्हतं, साहेब लोक वाईट होते असंही नाही.

मी डोंबिवलीला मावशीकडे राहायचो. क्लायंटचं ऑफिस मरोळला. लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो, दहाच्या ठोक्याला हजर. कॉन्फरन्स रूममध्ये आम्ही सहा जण. हव्या असलेल्या कागदांची यादी आदल्या रात्रीच मेलने गेलेली. आता वाट बघायची. क्लायंटच्या अकाउंट्समधल्या लोकांचं स्वतःचं महिनाअखेरचं काम चालू असायचं, ती माणसं तरी काय करणार? अकरा वाजता जाऊन विचारलं की "देतो, जेवण होऊ दे." तीन वाजता विचारलं की "फाइली गोडाऊनमधून मागवल्यात." साडेपाचला दोन बॉक्स फाइल टेबलावर यायच्या, आणि मग सीनियर म्हणायची, "उद्या सकाळी मॅनेजर येणार आहेत, पन्नास सॅम्पल आज उरकून टाका." आमचा कामाचा दिवस संध्याकाळी सहाला सुरू व्हायचा. रात्री अकराला मेट्रो, मग घाटकोपरहून स्लो गाडी, घरी साडेबारा. मावशीने ताट झाकून ठेवलेलं असायचं.

तरी एवढ्यावर मी सोडलं नसतं. दुपारचे ते चार-पाच तास रिकामेच आहेत तर अभ्यास करू, म्हणून एक दिवस मी कॉस्टिंगचं पुस्तक काढून बसलो. सीनियरने हळूच सांगितलं, "पुस्तक बॅगेत ठेव, क्लायंट बघतोय." ती चुकीची नव्हती. काचेची खोली होती, आणि ज्या माणसाला आपण दिवसभर कागद मागतोय त्याच्यासमोर पुस्तक उघडून बसणं बरं दिसत नाही. पण त्या दिवसापासून ती वाट बघणं मला सहन होईना. कामही नाही, अभ्यासही नाही, लॅपटॉप उघडा ठेवून त्याच शीटमध्ये वर-खाली करत बसायचं. मी पुढचे दोन महिने डायरीत रोज लिहून ठेवलं की हातात काम किती वाजता आलं. दुपारी चारच्या आत आलं असे दिवस नऊ निघाले. क्लायंट बदलला, टीम बदलली, तरी चित्र फारसं बदललं नाही. माझ्या बरोबरीच्या एका मुलीला मात्र त्याच फर्ममध्ये दुसऱ्या पार्टनरच्या हाताखाली भरपूर आणि चांगलं काम मिळालं, ती तिथेच टिकली आणि आज सुखात आहे. तेव्हा दोष सरसकट कुणाला देत नाही.

पहिल्या वर्षात फर्म बदलायची मोकळीक होती, नंतर ठरावीक कारणांशिवाय नव्हती. फर्म सोडायच्या फॉर्म १०९ वर प्रिन्सिपलची, म्हणजे ज्यांच्या हाताखाली शिकतो त्या सीएंची, सही लागते. ती घेतली आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका फर्ममध्ये लागलो. सर, आणखी एक पार्टनर, आम्ही पाच आर्टिकल (शिकाऊ) आणि एक जुने अकाउंटंट काका. एवढीच माणसं.

पहिला महिना भाजून काढणारा होता. टॅक्स ऑडिटची मुदत त्या वर्षी ३० सप्टेंबरवरून आधी ३१ ऑक्टोबर आणि मग ७ नोव्हेंबरपर्यंत वाढली होती, त्यात जीएसटी येऊन तीन महिने झालेले. दुसऱ्याच दिवशी सरांनी मला रविवार पेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानात धाडलं. ३० जूनच्या रात्री दुकानात किती माल होता त्यावरून जुन्या करांचं क्रेडिट ट्रान-१ या जीएसटीच्या फॉर्ममध्ये मागायचं होतं. दुकानदार सत्तरीचे, स्टॉक त्यांच्या हाताने वहीत लिहिलेला: परात, टोप, कळशी, घंगाळ, आणि समोर किलोत वजन. कुठली वस्तू कशाची हे वहीत नव्हतंच, ते त्यांच्या डोक्यात होतं. मी वही वाचायचो, ते सांगायचे "हे पितळ, हे स्टील, हे जर्मन", आणि मी पुढे जीएसटीच्या वर्गवारीतलं प्रकरण घालायचो: लोखंड-पोलाद ७३, तांबं-पितळ ७४, ॲल्युमिनियम ७६. मग प्रत्येक धातूच्या खरेदीची बिलं शोधायची, कारण क्रेडिट मिळायचं तर कर भरल्याचा कागद लागतो. चार दिवस आम्ही दोघं माळ्यावर बिलं उपसत होतो. ट्रान-१ ची मुदत पुढे २७ डिसेंबरपर्यंत गेली, आमचा फॉर्म त्याच्या कितीतरी आधी गेला. माल, बिल, वही आणि विवरणपत्र ही एकच साखळी आहे हे मला त्या माळ्यावर समजलं. मुंबईत मी त्यातली एकच कडी आठ महिने तपासत होतो.

दुसरा प्रसंग एप्रिल २०१८ चा. सरांना जुन्नर तालुक्यातल्या एका बँक शाखेचं ऑडिट मिळालं होतं, मला बरोबर नेलं. कांद्याचं पीककर्ज, २०१६ च्या उन्हाळ्यापासून थकलेलं, तरी खातं स्टँडर्डमध्ये, म्हणजे नियमित कर्जांत. कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं की एनपीए (बुडीत धरायचं कर्ज), हे मला पाठ होतं, पण प्रत्यक्ष शाखाधिकाऱ्यांना सांगायला जीभ रेटेना. ते म्हणाले, "कर्जमाफीच्या यादीत नाव आहे, पैसे येणारच आहेत." सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "३१ मार्चपर्यंत आले का, साहेब?" आले नव्हते. खात्याची वर्गवारी बदलायला लावणारा कागद, एमओसी, मी लिहिला, सही सरांनी केली. मोठ्या फर्ममध्ये दुसऱ्या वर्षाच्या मुलाला हे वाक्य बोलायला मिळणं अवघड, निदान माझ्या पाहण्यात नाही. तिथे क्लायंटशी मॅनेजर बोलतात आणि ते त्यांच्या जागी योग्यच आहे.

आणि संध्याकाळ. साडेसहाला सर खुर्ची मागे सरकवून उठायचे आणि आम्हीही उठायचो. सातला मी अभ्यासिकेत. पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीवाल्यांच्या रांगेत आमच्यासारखे सीएवाले असतातच. तिथले रात्री सात ते साडेदहा हे तास मला पास करून गेले असं मी मानतो. जुलैची ३१ आणि सप्टेंबरची अखेर या करांच्या मुदती याला अपवाद, तेव्हा अभ्यासिकेचे पैसे फुकट जातात.

पेठेतल्या फर्मचे दोष सांगितले नाहीत तर ही तुलना एकांगी होईल. शिकवायला कुणी बसत नाही, बघून आणि चुकून शिकायचं. सगळं एका माणसावर अवलंबून असतं, सर चांगले तर वर्षं सोन्याची, नाहीतर बँकेत चेक भरणं आणि झेरॉक्स यातच ती जातात. माझ्या एका वर्गमित्राची तशी गेली. मोठ्या कंपनीच्या मुलाखतीत तुमच्या फर्मचं नाव कुणी ऐकलेलं नसतं, पहिल्या नोकरीला त्याचा फटका बसतो, मला बसला. काही ठिकाणी तर "येऊ नकोस, कागदावर दाखवू" असं सुचवलं जातं. डमी आर्टिकलशिपच्या वाटेला कृपा करून जाऊ नका. नियमात बसत नाही हा भाग आहेच, पण पुढे पहिल्या बॅलन्सशीटसमोर तुम्ही एकटे बसलेले असता.

आता नियम बदललेत, म्हणून माझं कारण तुमच्या बाबतीत तपासून बघायला हवं. १ जुलै २०२३ पासूनच्या योजनेत आर्टिकलशिप दोन वर्षांची झाली आणि ती संपल्यावर फायनलच्या आधी सहा महिने अभ्यासाला मिळतात. आम्हाला शेवटच्या सहा महिन्यांत, नोकरी करता करताच बसता यायचं. म्हणजे माझ्या "संध्याकाळी" या मुद्द्याचं वजन थोडं कमी झालं, हे मान्य. पण दुसरी बाजू बघा. त्याच काळात सेल्फ-पेस्ड मॉड्यूलचे (आपल्या गतीने शिकायच्या विषयांचे) चार संचही पार करायचे आहेत, रजा वर्षाला बाराच. आणि मी वाट बघण्यात घालवले तसे आठ महिने चोवीस महिन्यांतून गेले तर तिसरा हिस्सा गेला. तीन वर्षांत ते भरून काढायला मला वेळ मिळाला, तुम्हाला तेवढा मिळेल असं वाटत नाही.

लिस्टेड कंपन्यांच्या स्टॅट ऑडिटमध्येच (कायद्याने सक्तीच्या ऑडिटमध्ये) राहायचं, किंवा परदेशी जायचं, हे ज्याचं आजच पक्कं आहे, त्याने मोठी फर्म घ्यावी, मी अडवणार नाही. ज्याचं ठरलेलं नाही, आणि विसाव्या वर्षी बहुतेकांचं नसतं, त्याला मी चार-पाच पार्टनरांची, टॅक्सबरोबर थोडं स्टॅट ऑडिट आणि बँक ऑडिट असलेली पुण्या-नाशिक-कोल्हापूरची फर्म बघायला सांगेन. नावाची उणीव शेवटच्या वर्षी इंडस्ट्रियल ट्रेनिंग घेऊन बरीच भरून निघते. नऊ ते बारा महिने कंपनीत काढता येतात आणि इंड-एएसही तिथे हाताला लागतं. मात्र सर त्याला परवानगी देतात का, हे डीडवर सही करण्याआधी विचारा, नंतर विचारायला संकोच वाटतो.

आणि मुलाखतीला जाल तेव्हा, फर्म कुठलीही असो, बाहेर बसलेल्या एखाद्या आर्टिकलशी दोन मिनिटं बोला. काम काय असतं, असं विचारू नका, त्याचं उत्तर सगळे छान देतात. विचारा, "काल दुपारी तीन वाजता काय करत होतास?"